स्पॅरिंगमध्ये डोक्याला ठोसा: पहिलं मिनिट, पहिली रात्र, पुढचा महिना

हनुवटीवर बाजूने बसलेल्या मध्यम जोराच्या हुकने (कोपर वाकवून मारलेल्या आडव्या ठोशाने) माणूस कोसळतो, आणि कपाळावर समोरून बसलेला त्याहून जोरदार ठोसा खाऊनही तो उभा राहतो. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग किंवा मुए थाय (थाई किकबॉक्सिंग) करणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलेलं असतं. असं का होतं ते कळलं, की स्पॅरिंगमध्ये, म्हणजे जोडीदारासोबतच्या सराव-लढतीत, नेमकं काय जपायचं, फटका बसल्यावर काय करायचं आणि ग्लोव्हज परत कधी चढवायचे, याची उत्तरं बरीचशी त्यातूनच मिळतात.

डोक्याच्या आत काय होतं

मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १.३ ते १.४ किलोचा, मऊ, आणि कवटीच्या आत द्रवात तरंगणारा असतो. समोरून कपाळावर ठोसा बसला की डोकं मागे ढकललं जातं, पण मान आणि खांदे त्यातला बराच धक्का पचवतात. हनुवटी हे मात्र मानेच्या आसापासून सर्वांत लांबचं टोक. तिथे बाजूने किंवा खालून फटका बसला की डोकं गर्रकन फिरतं. कवटी फिरते, मेंदू क्षणभर मागे राहतो आणि त्याच्या आतल्या बारीक तंतूंना पीळ पडतो. सरळ धक्क्यापेक्षा हा पीळ मेंदूला जास्त महागात पडतो. तो खोलवर, जागेपणा सांभाळणाऱ्या केंद्रांपर्यंत पोचला तर शुद्ध जाते.

पीळ पडलेल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर गळतं आणि कॅल्शियम आत शिरतं. ते पूर्ववत करायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. मे महिन्यात नळाला पाणी कमी आणि घरात पाहुणे जास्त, तशी ही अवस्था. ती काही दिवस, कधी काही आठवडे टिकते. या काळात दुसरा फटका बसला तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही जास्त नुकसान करू शकतो. क्वचित, आणि विशेषतः कोवळ्या वयात, मेंदूला अचानक सूज येऊन जीवही जातो. विश्रांतीचा सगळा आग्रह यासाठी आहे.

या बिघाडाला कन्कशन म्हणतात. ते होण्यासाठी बेशुद्ध पडावं लागत नाही. खेळातल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही. माणूस उभा असतो, हातही चालत असतात, फक्त फेरी कितवी ते आठवत नाही, प्रकाश डोळ्यांना खुपतो, किंवा समोरचा बोलतोय ते उशिरा कळतं. आडवा पडला तोच नॉकआउट आणि बाकी सगळं ‘जरा हललं’ अशी विभागणी सरावाच्या हॉलमध्ये सर्रास होते. मेंदूच्या दृष्टीने तिला अर्थ नाही.

सीटी स्कॅनबद्दलही असाच गैरसमज आहे. सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचं हाड मोडलंय का ते दाखवतो. कन्कशन त्यात दिसत नाही. ‘स्कॅन नॉर्मल आला, सोमवारपासून येतो सर’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे. नॉर्मल स्कॅनने एक मोठी भीती दूर होते, एवढंच.

दोन प्रकार यातून बाजूला काढायला हवेत. बरगड्यांखाली उजव्या बाजूला, यकृतावर बसलेल्या ठोशाने (लिव्हर शॉट) माणूस गुडघ्यावर येतो, श्वास अडकतो, पाय चालत नाहीत; पण तो पूर्ण शुद्धीत असतो आणि मेंदूला काही झालेलं नसतं. जुजित्सूमधल्या गळ्याच्या चोकमध्ये मेंदूचं रक्त काही सेकंद तुटतं आणि शुद्ध जाते. तिथे पकड लगेच सोडणं महत्त्वाचं, आणि त्या दिवशीचा सराव संपवणं शहाणपणाचं. पण दोन्हीकडे पिळाचा मार नसतो. इथे आपण बोलतोय ते डोक्याला बसलेल्या फटक्याबद्दल.

पहिलं मिनिट

पडलेल्या माणसाला लगेच उठवून बसवायचं नाही. तोंडावर पाणी मारणं, गालावर चापट्या, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, पाय वर करणं, हे सगळं टाळा. पाय वर करणं हा साध्या मूर्च्छेतला, रक्तदाब उतरल्यावरचा उपाय आहे. इथे कारणच वेगळं असतं. अमोनियाच्या कुप्याही नकोत. त्या वासाने डोकं झटक्यात मागे जातं, आणि मानेला इजा असेल तर ती वाढते. शिवाय माणूस वरवर तरतरीत दिसायला लागतो आणि खरी लक्षणं झाकली जातात.

करायचं ते असं. फेरी थांबवा, बाकीच्या जोड्याही थांबवा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोकं जसं आहे तसंच स्थिर धरावं, कारण जो फटका मेंदू हलवतो तोच मानेलाही इजा करू शकतो. दुसऱ्याने श्वास पाहावा. घोरल्यासारखा आवाज येत असेल तर जीभ मागे पडून वाट अडलेली असते. मान न वाकवता जबड्याचे दोन्ही कोपरे पुढे उचलले की वाट मोकळी होते. माउथगार्ड सहज निघत असेल तर काढा, दात घट्ट मिटलेले असतील तर बोटं घालू नका. हात ताठ होऊन हवेत राहणं किंवा काही सेकंद झटके येणं नॉकआउटनंतर दिसू शकतं. अशा वेळी त्याला दाबून धरू नका, आजूबाजूच्या वस्तू दूर करा आणि १०८ ला फोन लावा. उलटी होत असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी मिळून कुशीवर वळवा. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत.

शुद्ध परत आली, तरी किंवा गेलीच नव्हती, तरी पुढची तपासणी सारखीच. बसवून शांतपणे विचारायचं: आपण आता कुठल्या हॉलमध्ये आहोत? ही कितवी फेरी होती? समोर कोण होतं? मागच्या आठवड्यात तू कोणाशी खेळलास? आज दुपारी काय जेवलास? स्वतःचं नाव आणि जन्मतारीख विचारून उपयोग नाही, ती बहुतेकांना कन्कशनमध्येही आठवते. चुकतात त्या नुकत्याच घडलेल्या गोष्टी. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाला कोकणीतच विचारा. परक्या भाषेत उत्तर अडखळलं तर ते डोक्यामुळे की भाषेमुळे, हे कळणार नाही.

उत्तराइतकंच डोळ्यांनी टिपायचं असतं. पडताना हात पुढे आले का, की लाकडासारखा पडला? उठताना पाय डगमगले? नजर कुठे लागलीय? चेहरा कोरा आहे? एकच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारतोय का? यातलं एकही दिसलं तर त्या दिवशीचं स्पॅरिंग, बॅग (लटकत्या पिशवीवरचे ठोसे), पॅड्स (जोडीदाराने हातात धरलेल्या गाद्यांवरचे ठोसे), दोरी, सगळं बंद. हा निर्णय कोचचा. ज्याला फटका बसलाय त्याला विचारून तो घ्यायचा नाही, कारण ‘कांय ना सर, बरो आसां’ हेच उत्तर ठरलेलं असतं, आणि ते ज्या मेंदूतून येतं तोच त्या क्षणी भरवशाचा नसतो. पंधरा मिनिटांनी बरं वाटतंय म्हणून परत आत सोडणं हीही तीच चूक. लक्षणं कित्येकदा काही तासांनी, काही वेळा दुसऱ्या दिवशी उमटतात.

पहिली रात्र

पहिल्या २४ तासांतली खरी भीती कवटीच्या आतल्या रक्तस्रावाची. बॉक्सिंगमधल्या मृत्यूंमागे बहुतेक वेळा मेंदू आणि त्याचं आवरण यांच्यामधल्या बारीक शिरा तुटून साचलेलं रक्त असतं. दुसऱ्या एका प्रकारात माणूस आधी बेशुद्ध होतो, मग शुद्धीवर येऊन तासभर व्यवस्थित बोलतो, आणि नंतर गुंगत जातो. मधल्या त्या बऱ्या वेळेने घरचे फसतात.

ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही: डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या, उठवूनही नीट जागं न होणं, बोलणं जडावणं, दोन-दोन दिसणं, एका डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी, झटके, नाकाकानातून पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित काही येणं, मान खूप दुखणं, आणि अकारण चिडणं किंवा वेड्यासारखं वागणं. शुद्ध हरपली असेल, काही सेकंदांसाठी का होईना, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.

कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं हवं. १९९१ मध्ये लंडनमध्ये क्रिस युबँकविरुद्धच्या लढतीत मायकेल वॉटसन कोसळला, तेव्हा रिंगजवळ पुनरुज्जीवनाची सोय नव्हती आणि त्याला आधी नेलं त्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. तो वाचला, पण कायमचं अपंगत्व घेऊन. ब्रिटिश बॉक्सिंग मंडळ यात जबाबदार असल्याचा निर्णय तिथल्या अपील कोर्टाने २००० मध्ये कायम केला. गोव्यात न्यूरोसर्जरी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आहे. म्हापसा आणि मडगावची जिल्हा रुग्णालयं जवळची असली, तरी धोक्याची लक्षणं असताना १०८ वाल्यांना पहिल्याच वाक्यात सांगायचं: ‘डोक्याला मार, शुद्ध गेली होती, अमुक वाजता.’ मग कुठे न्यायचं ते त्यांना ठरवता येतं. वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

धोक्याचं काही नसेल तर घरी जाता येतं, पण एकट्याने नाही आणि स्कूटर चालवत तर मुळीच नाही. आपल्याकडे सराव संपतो रात्री आठ-नऊला, आणि मुलं म्हापशाहून थेट डिचोली-पेडण्यापर्यंत दुचाकीने जातात. प्रतिसाद मंदावलेला असताना वळणाच्या अंधाऱ्या रस्त्यावर तो दुसरा अपघात ओढवून घेणं ठरतं. दिवाडी बेटावरच्या मुलाला एकट्याला फेरीबोटीत बसवून देऊ नका. कुणीतरी घरापर्यंत सोडा आणि घरच्यांना वरची लक्षणं तोंडी सांगा, शिवाय लिहूनही द्या.

झोपू द्यायचं का? पूर्वी रात्रभर जागं ठेवायचा सल्ला दिला जायचा. आता तसं मानत नाहीत. झोप मेंदूला हवीच असते. पहिले चार तास माणूस कुणाच्या तरी नजरेसमोर राहावा, तोवर सगळं ठीक असेल तर झोपू द्यावं, आणि घरातल्या कुणीतरी त्याच खोलीत झोपावं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा सराव करणाऱ्यांच्या बॅगेत हमखास सापडणाऱ्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या पहिले दोन दिवस नकोत, रक्तस्राव असेल तर त्या वाढवू शकतात. झोपेच्या गोळ्या नकोत. बिअर, हुर्राक, फेणी, काहीच नको: दारूची गुंगी आणि रक्तस्रावाची गुंगी बाहेरून सारखीच दिसते. मळमळत असेल तर पेज आणि पाणी पुरे.

पुढचा महिना

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. २०२२ मध्ये ॲम्स्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिच्या शिफारशींनुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यायची: घरातली किरकोळ कामं आणि चालणं चालेल, मोबाइल-टीव्ही शक्य तितका कमी. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवली तर बरं होणं लवकर होतं, फक्त पडून राहण्याने नाही.

चढत्या पायऱ्या अशा. आधी चालणं आणि रोजची कामं. दुसरी पायरी स्थिर सायकल किंवा भरभर चालणं, हृदयाचे ठोके कमाल ठोक्यांच्या सुमारे ५५ टक्क्यांपर्यंत. ते जमलं की ७० टक्क्यांपर्यंत. कमाल ठोके ढोबळमानाने २२० वजा वय. म्हणजे वीस वर्षांच्या मुलाला आधी मिनिटाला ११० आणि नंतर १४०. तिसरी पायरी एकट्याने करायचा सराव: फूटवर्क, शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव), डोक्याला काही लागण्याची शक्यताच नाही असं सगळं. या तीन पायऱ्यांवर डोकेदुखी दहापैकी एक-दोन अंकांनी वाढली आणि तासाभरात ओसरली तर चालतं. त्याहून जास्त झाली तर थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. चौथ्या पायरीवर पॅड्स, बॅग, जोडीदारासोबत स्पर्शाविना ड्रिल. इथे येण्याआधी सगळी लक्षणं पूर्ण गेलेली हवीत. पाचवी पायरी स्पॅरिंग, तीही डॉक्टरने लेखी मोकळीक दिल्यावर. सहावी स्पर्धा. प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि चौथीपासून पुढे लक्षण परतलं तर परत तिसरीवर.

हिशोब केला तर आठवडाभरात स्पॅरिंगपर्यंत पोचता येईल असं वाटतं. मात्र हा आराखडा सगळ्या खेळांसाठी आहे, आणि आपल्या खेळात डोकं हेच लक्ष्य असतं. हौशी बॉक्सिंगमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेला नियम अधिक कडक आहे: डोक्याच्या फटक्याने लढत थांबली तर किमान ३० दिवस लढत नाही आणि स्पॅरिंगही नाही, तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर ९० दिवस, बारा महिन्यांत तिसऱ्यांदा झालं तर एक वर्ष. हॉलमधल्या नॉकआउटला कुणी पंच नसतो, म्हणून तो मोजला जात नाही. मेंदूला पंचाची गरज नसते. हाच नियम सरावालाही लावा. अठराच्या आतल्या मुलांना याहून जास्त वेळ द्या, त्यांचं बरं होणं सावकाश असतं.

विद्यार्थी असेल तर अभ्यास आधी, खेळ नंतर. तासभर वाचून डोकं दुखतंय अशा मुलाला पॅड्सवर उभं करायचं नाही. आधी पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे, मग अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण. दहावी-बारावीचं वर्ष असेल तर शाळेला डॉक्टरची चिठ्ठी द्या. या काळात आवाज सहन होत नाही हेही घरच्यांना सांगावं लागतं. शिगम्यात रोमटामेळाच्या ढोलांजवळ किंवा चतुर्थीच्या घुमट आरतीला मुलगा कान झाकून बाहेर गेला तर ते नखरे नव्हेत. चार आठवड्यांनंतरही लक्षणं राहिली तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. चक्कर बहुतेकदा कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेची आणि डोकेदुखी मानेची असू शकते. दोन्हीवर फिजिओथेरपीने उपचार होतात, नुसती वाट पाहून ती जात नाहीत.

फटका चुकवायचा कसा

नॉकआउट करणारा ठोसा बहुधा न दिसलेला असतो. दिसला तर मान आपोआप आखडते, डोकं आणि धड एक होतं आणि पीळ कमी पडतो. म्हणून बचावाची पहिली गोष्ट डोळे. नवशिक्या ठोसा येताच डोळे मिटतो किंवा तोंड फिरवतो, आणि दुसरा ठोसा त्याला दिसतच नाही. ड्रिल सोपं आहे: गार्ड वर, जोडीदाराने दोन मिनिटं ग्लोव्हजवर हलक्या टपल्या द्यायच्या, वेग बदलत, आणि आपण डोळे उघडे ठेवून त्याच्या छातीच्या वरच्या भागाकडे पाहायचं. खांदा आधी हलतो, मूठ नंतर.

दुसरी गोष्ट हनुवटी. टेनिसचा चेंडू हनुवटी आणि छातीच्या वरच्या हाडामध्ये धरून दोन मिनिटं शॅडो करा. चेंडू पडला ती तुमची हनुवटी वर जाण्याची जागा. बहुतेकांची ती क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) टाकताना किंवा मागे सरकताना जाते. सरळ मागे झुकून ठोसा चुकवणं फार घातक: वजन टाचांवर, हनुवटी हवेत, पळायला जागा नाही. पहिला चुकतो, दुसरा लागतो. पायाने मागे किंवा बाजूला सरका, कमरेने नको. दात मिटलेले हवेत. तोंड उघडं असताना हुक बसला तर जबडाही मोडतो.

तिसरी गोष्ट परत येणारा हात. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) टाकून हात कमरेच्या उंचीने परत आणणाऱ्याला समोरच्याचा क्रॉस नेमका त्याच फटीत सापडतो. हात ज्या रेषेत गेला त्याच रेषेत गालफडाला परत. आणि सलग ठोशांची जोड टाकून झाल्यावर जागेवर उभं राहून ‘लागला का’ ते पाहायचं नाही. अर्धं पाऊल बाजूला निघायचं.

बॉक्सिंगमधून मुए थायकडे आलेल्यांनी आणखी एक बदल करावा. ठोसा चुकवायला कमरेत खोल वाकणं तिथे गुडघ्याच्या आणि उंच किकच्या वाटेत डोकं नेऊन ठेवतं. उंच किक एका हाताच्या पंजाने अडवली तर तो पंजाच कानावर आदळतो; दोन्ही बाहू उभे, खांदा वर, आणि शक्य असेल तर पावलाने बाहेर. सरावात डोक्यावर गुडघा आणि कोपर नकोच, शिनगार्ड असले तरी उंच किक स्पर्शापुरतीच.

डोकं हललं, पाय जड झाले, तर स्पॅरिंगमध्ये लढून निभावून न्यायचं कारण नाही. लढतीत क्लिंच करायचा (समोरच्याला मिठीत धरायचं), वेळ काढायचा. हॉलमध्ये गुडघा टेकायचा आणि हात वर करायचा. आणि ज्याच्या ठोशाने हे झालं त्यानेही तिथेच थांबायचं. समोरचा डगमगताना पाहून आणखी दोन टाकणारा मुलगा कितीही गुणी असला तरी त्याला महिनाभर बॅगवर ठेवावं असं आमचं मत.

सरावाची आखणी

तंत्र कितीही सुधारलं तरी निम्मी सुरक्षितता कोचच्या आखणीत असते. नवशिक्याला पहिले तीन महिने डोक्यावर ठोसे असलेलं स्पॅरिंग नको. खांद्याला हात लावण्याचा खेळ, फक्त छाती-पोटावर फेऱ्या, फक्त जॅबची फेरी, एक जण मारणार आणि दुसरा नुसता अडवणार अशी फेरी, यांतून अंतर आणि नजर तयार होते. नंतरही आठवड्यातलं बहुतेक स्पॅरिंग हलकंच हवं. जोरदार स्पॅरिंग स्पर्धेला उतरणाऱ्यांपुरतं, पंधरवड्यातून एखाद्या वेळी, आणि स्पर्धेच्या आधीचे दहा ते चौदा दिवस अजिबात नाही. वर्षभर सोसलेले शेकडो मध्यम फटके एका नॉकआउटइतकेच विचार करायला लावणारे असतात. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच मुष्टियोद्ध्यांमधला अडखळत्या चालण्या-बोलण्याचा आजार नोंदवून ठेवला होता.

‘पन्नास टक्के जोराने’ हा आदेश निरुपयोगी आहे. आपण दिलेला जोर आपल्याला कमी वाटतो आणि मिळालेला जास्त. दोघेही प्रामाणिकपणे परतफेड करत जातात आणि तिसऱ्या फेरीत भांडण जुंपतं. त्याऐवजी सांगा: वेग हवा तेवढा, पण मूठ त्वचेला लागताच थांबली पाहिजे, पलीकडे ढकलायची नाही. पोटावर थोडा जास्त जोर चालेल. वजनात आठ-दहा किलोंहून जास्त फरक असेल तर फक्त तंत्राच्या फेऱ्या. एका कोचच्या नजरेसमोर एका वेळी दोनच जोड्या. नवशिक्यांना दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट. दमलेल्या माणसाचे हात खाली येतात, म्हणून स्पॅरिंग सरावाच्या सुरुवातीला ठेवा. बॅग आणि धावणं नंतर. चतुर्थीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा तर ठरवून डोक्यावरच्या ठोशांविना ठेवावा. मोदक-नेवऱ्या खाऊन परतलेल्यांची उमेद दांडगी असते, दम नसतो.

वजन उतरवण्यासाठी पाणी तोडलेल्या दिवशी स्पॅरिंग नाही. गोव्याच्या दमट हवेत, पंखा असलेल्या बंद हॉलमध्ये तासाभरात एक किलोहून जास्त घाम सहज जातो. सरावाआधी आणि नंतर वजन करा. जितकं उतरलं त्याच्या दीडपट पाणी पुढच्या काही तासांत, मीठ घातलेल्या कोकम सरबतासह.

मानेचे व्यायाम आठवड्यातून तीनदा करा: तळहात कपाळाला लावून दहा सेकंद दाब, डोकं न हलवता, मग मागे, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक बाजूला तीनदा. अमेरिकेतल्या शालेय खेळाडूंच्या २०१४ मधल्या एका मोठ्या अभ्यासात मजबूत मानेच्या मुलांना कन्कशन कमी झालेलं आढळलं. पण मान वेळेवर आखडली तरच ती कामाची, आणि त्यासाठी ठोसा दिसावा लागतो.

साहित्य आणि जमीन

हेडगार्ड भुवई फुटण्यापासून, कान आणि कपाळ सोलण्यापासून वाचवतो. पीळ तो थांबवत नाही. उलट डोकं थोडं मोठं आणि जड करतो, बाजूचं कमी दिसतं, आणि घालणाऱ्याला उगाच धीर येतो. पुरुषांच्या वरिष्ठ हौशी बॉक्सिंगमधून तो २०१३ मध्ये काढला गेला आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याविना खेळले. सरावात तो जरूर घाला, पण तो घातलाय म्हणून जोर वाढवू नका. माउथगार्डही दात आणि जबड्यासाठी आहे. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवलेला, तोंड उघडल्यावर खाली न पडणारा हवा.

ग्लोव्हज स्पॅरिंगला १६ औंसाचे, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. हलक्या वजनाच्यांना १४ चालतात. स्पर्धेचे १० औंसाचे स्पॅरिंगला वापरू नका, आणि बॅगेवर वापरलेलेही नकोत. बॅगेवर फोम बसतो. अंगठ्याने मुठीच्या हाडांवरचा भाग दाबून पाहा: आतली हाडं सहज हाताला लागली तर तो ग्लोव्ह बाद. जून ते सप्टेंबरच्या ओलीत हा भाग आणखी लवकर खराब होतो, बुरशी धरते आणि फोम गठ्ठे बांधतो. बंद बॅगेत न ठेवता आत वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली टांगा.

नॉकआउटमधला दुसरा फटका जमिनीचा असतो, आणि कित्येकदा तोच मोठा. ठोशाने शुद्ध गेलेल्याचे हात पुढे येत नाहीत. डोक्याची मागची बाजू थेट लादीवर आदळते. कोब्यावर, लादीवर किंवा घराच्या गच्चीवर स्पॅरिंग करू नका. किमान चार सेंटिमीटर जाडीचे, एकमेकांत अडकणारे मॅट टाका, भिंत आणि खांबांपासून दीड-दोन मीटर जागा सोडा. पावसाळ्यात मॅटवर ओलसर थर धरतो, प्रत्येक फेरीनंतर पुसावं लागतं. किनाऱ्यावरची वाळू मऊ असते हाही भ्रम; ओहोटीनंतरची ओली वाळू चांगलीच कडक असते आणि पाय त्यात अडकून गुडघा पिळतो.

हॉलमध्ये एक वही ठेवा. तारीख, कोणाला, कशाने, शुद्ध गेली का, लक्षणं कधी संपली, डॉक्टरने काय सांगितलं, स्पॅरिंग कधीपासून. मुलं एका हॉलमधून दुसरीकडे जातात, फोंड्यात नॉकआउट झालेला पुढच्या शनिवारी मडगावात स्पॅरिंगला उभा राहतो आणि तिथल्या सरांना पत्ता नसतो. म्हणून नवा मुलगा आला की पहिला प्रश्न वजनाचा विचाराल, तर दुसरा हा विचारा: गेल्या वर्षभरात डोक्याला किती वेळा लागलं, आणि शेवटचं कधी?